कडू काढून टाका

"थुः! थुः! अहो मॅडम, हे सूप आहे की भांडी घासलेलं पाणी?"

प्रसन्न देवघरकरांनी तोंडातला घोट माझ्या प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये थुंकला. त्याच बेसिनमध्ये मी माझी काचेची भांडी धूत होते. मग त्यांनी रुमालानं जीभ पुसली, अक्षरशः बाहेर काढून पुसली, आणि तो ओला रुमाल माझ्या टेबलावर ठेवला. मी चिमट्यानं उचलून तो बाजूला केला.

"कडू आहे," मी म्हटलं. "मी आधीच सांगितलं होतं."

"कडू? कारलं परवडलं! मी हे विकू कसं?"

"विकण्याचं मला कळत नाही. काम करतंय, एवढं कळतं."

रत्नागिरीच्या बाहेर, डोंगराच्या कुशीत देवघरकर फूड्सचा कारखाना होता. शेजारी माशांचा दुसरा एक मोठा कारखाना होता. तिथं राणी माशाचं मांस काढून परदेशी पाठवायचे आणि डोकी, कातडी, काटे असे पिंपंच्या पिंपं उरायचे. त्या पिंपांचा वास नाकात बसला की रविवारीसुद्धा उतरत नसे. मी कराडची, घरात मासा कधी शिजला नाही. पहिल्या आठवड्यात मी दुपारचा डबा उघडून तसाच बंद करायची. पण त्या घाणीत सोनं होतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर पीएच.डी. करूनही मी तिथं टिकून राहिले.

सोनं म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते. प्रथिन म्हणजे लांबलचक माळ. ती ठरावीक जागी तोडली की छोटे छोटे तुकडे मिळतात, त्यांना पेप्टाइड म्हणायचं. आपल्या अंगात रक्तवाहिन्या आवळायला मदत करणारा एक पदार्थ असतो, या पेप्टाइडांतले काही तुकडे बरोबर त्याच्या तोंडात जाऊन बसतात. त्याचं तोंड बंद झालं की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. माळ कुठं तोडायची, तुकड्याच्या शेपटीला कोणता मणी आला पाहिजे, हे मी कॉम्प्युटरवर मांडून मांडून ठरवलं होतं. गोळीची जागा घेणारं ते नव्हतंच, गोळीच्या जोडीला हातभार, एवढंच. पण माझ्या हातचं होतं. आणि गंमत अशी, की ज्या तुकड्यांना गुण, तेच तुकडे कडूजहर!

"मग कडू काढून टाका," देवघरकर म्हणाले.

"कोळशाच्या भुकटीतून गाळलं की कडू निघेल. पण गुण त्याच्याबरोबर जाईल. उरेल ते नुसतं फिकं पाणी."

"फिकं चालेल. फिक्याला चव आणता येते."

"साहेब, मी काय म्हणतेय..."

"कळलं हो, कळलं," ते म्हणाले आणि रुमाल विसरून निघून गेले. गाढवापुढे वाचली गीता.

पुढच्या महिन्यात मुंबईहून चवीचा एक तज्ज्ञ आला. मिश्रणाचं काम माझ्या प्रयोगशाळेतून पलीकडच्या इमारतीत गेलं. मला सांगितलं गेलं, "तुमचं काम झालं, आता तुम्ही पुढचं संशोधन बघा." मला वाटलं, थोडा मसाला, थोडं आंबट घालून कडूपणा झाकतील. वाईट काय त्यात?

मी राहायची मयेकरांच्या घरी, वरच्या मजल्यावर. तात्या मयेकर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या लावण्यात जन्म गेला, त्यामुळं आवाज असा की स्टँडच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा ड्रायव्हर चहा टाकून उठायचा. निवृत्त झाल्यावर रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. कोकणातला मासेखाऊ माणूस, आणि त्याच्या ताटात अळणी बांगडा! शेवंतीकाकी रोज ताट वाढायच्या आणि तात्या रोज ताटाला शिव्या द्यायचे.

"ह्यापेक्षा भिंत चाटलेली बरी गो!"

"चाटा. तिकडची चाटा, तिला रंग नवा लावलाय," काकी म्हणायच्या. पण नंतर जिन्यात मला गाठून हळूच विचारायच्या, "त्यांना थोडं घातलं तर चालेल काय गो बाय? जेवत नाहीत नीट. बघवत नाही."

"नको काकी," मी म्हणायची. तेवढं एक मी ठाम सांगायची.

कंपनीनं गावातल्या रक्तदाबाच्या लोकांना चव घ्यायला बोलावलं, त्यात तात्याही होते. माझं कडू सूप प्यायले तेव्हा डोळे मिटून म्हणाले होते, "कारल्याचा बाप आहे हा! पण बाय, तू केलंस ना, मग मी पिणार." नव्या मिश्रणाची पाकिटं आली तेव्हाही कंपनीनं त्यांना खोकंभर घरपोच दिली.

त्या दिवसांत मी परिषदेसाठी हैदराबादला गेले होते. परत आले तर घरात नवलच. काकी मला खालूनच हाका मारत होत्या. "ये, आज आमच्याकडेच जेव. तात्यांचं जेवण बघायला ये!"

तात्या पाटावर मांडी ठोकून बसले होते. चेहरा लाल, डोळे चमकत होते. समोर वाफाळता भात. काकींनी सुपाची दोन पाकिटं एका वाटीत गरम पाण्यात कालवली आणि ती सगळी वाटी भातावर ओतली.

"हे काय? भातावर?" मी विचारलं.

"मग काय कपात घालून फुर्रफुर्र पिऊ?" तात्या म्हणाले. "सूपबिप आपल्याकडे कोण पितो गो? हे सार आहे, सार! सकाळी पेजेत, दुपारी भातावर, रात्री परत भातावर. कालवणात पण घालते ही. काय केलंस बाय तू! तोंडाला चव आली. मेलेला माणूस उठून बसला!"

काकी हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पूर्वीसारखं जेवतात बघ," त्या म्हणाल्या. "तुझे उपकार."

मी काकींच्या हातातली वाटी घेतली, तळाला राहिलेल्या सारात बोट बुडवलं आणि चाटलं.

शी! नुसतं मीठ. अगदी खारट लागू नये म्हणून आंबट आणि गोड घालून वर झाकण मारलेलं, पण खाली मीठच मीठ. कडूचा मागमूस नाही. म्हणजे माझा तुकडा एकही शिल्लक नाही. ज्या माणसाच्या ताटातलं मीठ काकींनी काळजावर दगड ठेवून काढलं होतं, त्याच ताटात माझ्या नावानं ते खोऱ्यानं ओतलं जात होतं. आणि बाई माझे उपकार मानत होत्या.

"तात्या, हे खाऊ नका."

"का?"

"यात मीठ आहे."

"असेल चिमूटभर. कंपनीनं बघूनच घातलं असेल ना? त्यांचा माणूस म्हणाला, सूप नियमित घेतलं तर गोळीची गरजच नाही."

"गोळी?" मी काकींकडे पाहिलं.

काकींनी पदराचं टोक हातात धरलं. "गोळ्या बंद केल्या त्यांनी. मी म्हणत होते, तुला विचारू या..."

मी वर जाऊन माझं रक्तदाबाचं यंत्र आणलं. तात्या नको नको म्हणत असताना दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात गेला. मी आकडा दाखवला, तर ते यंत्रालाच हसले.

"तुझं मशीन बिघडलंय. मला आत्ता जेवढं बरं वाटतंय तेवढं दहा वर्षांत वाटलं नव्हतं. आणि डॉक्टर काय, गोळ्या विकायलाच बसलेत. हे तू केलंस ना? मग आता उलटं का बोलतेस?"

"हे मी केलेलं नाही!"

"पाकिटावर तुझा फोटो आहे गो," काकी हळूच म्हणाल्या.

फोटो? मी पाकीट उलटं केलं. पांढऱ्या कोटातली मी, हातात काचेची नळी, खाली मोठ्या अक्षरात: डॉ. हेमांगी पाटणे यांच्या संशोधनातून. कंपनीच्या वाढदिवसाला कुणीतरी काढलेला फोटो होता तो. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तळपायाची आग मस्तकात गेली.

चवीवरूनच कळलं होतं, सूप तपासायची गरज नव्हती, पण सकाळी प्रयोगशाळेत जाऊन तपासलंच. गुणाचा पत्ता नव्हता. मिठाचा मात्र होता, भरपूर. निकाल हातात घेऊन मी थेट प्रसन्न देवघरकरांच्या केबिनमध्ये गेले.

ते जेवून बसले होते. टूथपिकनं दात कोरत होते. कोरून झाल्यावर त्यांनी ती टूथपिक डबीत परत ठेवली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डबीत. मी डोळ्यांनी पाहिलं.

"साहेब, रक्तदाबाच्या औषधात मीठ घातलंय तुम्ही."

"औषध कोण म्हणालं?" ते हसले. "अन्न आहे ते, मॅडम. अन्नात मीठ असतंच. तुमच्या आईच्या आमटीत नसतं?"

"माझ्या आईच्या आमटीवर 'रक्तदाबासाठी उत्तम' असं छापलेलं नसतं! आणि गुण तर गाळणीतच गेलाय. सुपात काहीच उरलेलं नाही."

"काही उरलं नाही कसं? चव आहे ना? लोकांना बरं वाटतंय. बरं वाटणं म्हणजे अर्धा उपचार."

"माझ्या घरमालकांनी गोळ्या बंद केल्यात. दोनशेच्या घरात आहे वरचा आकडा. मरतील ते!"

"कोण, मयेकर तात्या?" ते एकदम खूश झाले. "अहो, काय माणूस आहे! काय आवाज! रविवारी डीलर लोकांचा मेळावा आहे, तिथं त्यांचा सत्कार ठेवलाय आपण. स्वतःच्या तोंडानं अनुभव सांगतील. तुम्हीपण स्टेजवर आहात हं."

"माझा फोटो काढा पाकिटावरून."

"छापून झालीत हो पाकिटं. पुढच्या वेळी बघू."

मी राजीनामा तिथंच लिहून दिला. त्यांनी तो वाचला नाही, टूथपिकच्या डबीखाली ठेवला. "रविवारनंतर बोलू," म्हणाले. त्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा मला माशांच्या पिंपांचा वास बरा वाटला. आईशप्पथ. माशाचं डोकं निदान सडलं की सडल्यासारखं दिसतं.

घरी तात्यांना पुन्हा समजावलं. मी ओरडले, हात जोडले. निकालाचा कागद दाखवला. पण सत्काराचं आमंत्रण आलं होतं आणि तात्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला होता.

"चाळीस वर्षं स्टँडवर ओरडलो, एसटीनं निरोपाला गुच्छसुद्धा नीट दिला नाही," ते म्हणाले. "आता कुणी माझा सत्कार करतोय, तर तू आडवी येतेस. तुझं आणि त्यांचं काय भांडण आहे ते तुमचं तुम्ही बघा."

"माझं भांडण तुमच्यासाठीच आहे, तात्या."

"मग माझ्यासाठी गप्प बस."

काकी मला जिन्यात म्हणाल्या, "तू ये रविवारी. तू स्टेजवर सांगितलंस तर ऐकतील. चार माणसांत ऐकतात ते."

म्हणून मी गेले, नाहीतर त्या माणसाच्या स्टेजवर मी पाय ठेवला नसता. ठरवलं होतं, माझं नाव पुकारलं की माइक हातात घ्यायचा आणि सगळं सांगून टाकायचं. मग पोलीस बोलावले तरी हरकत नाही.

मंगल कार्यालयाचा हॉल भरला होता. कोल्हापूर, चिपळूण, सावंतवाडी, कुठून कुठून डीलर आले होते. मागं जेवणाची तयारी, कोंबडीवड्यांचा वास. स्टेजवर मधोमध प्रसन्न देवघरकर, कॉलरला छोटा माइक लावलेला. त्यांच्या डाव्या हाताला त्यांची आई, माई. दीपप्रज्वलनाला आणलेल्या. बारीकशा, हिरव्या नऊवारीतल्या, कानानं थोड्या कमी. उजव्या हाताला तात्या, आणि टोकाला मी.

तात्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. तात्यांनी माइक बाजूला सारला, त्यांना माइक कशाला? "लोकहो," ते गरजले, "माझं जेवण मेलं होतं! ह्या सुपानं ते जिवंत केलं!" हॉल हसला. एक मुलगी सुपाचे पेले घेऊन आली. तात्यांनी पेला उचलला आणि सगळ्यांसमोर एका दमात रिकामा केला. खाली पहिल्या रांगेत काकी बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मग देवघरकर उठले. माझं नाव त्यांच्यानंतर होतं.

"मंडळी," ते म्हणाले, "मी व्यापारी नंतर, मुलगा आधी. माझ्या आईच्या ताटात जे वाढलं जातं, तेच मी तुमच्या ताटात वाढतो. हीच देवघरकरांची परंपरा!"

कडकडून टाळ्या. टाळ्या चालू असतानाच पेलेवाली मुलगी माईंकडे गेली. काय चुकलं बिचारीचं? तिला सांगितलं होतं, स्टेजवरच्या सगळ्यांना द्या. तिनं माईंच्या हातात पेला दिला. माईंनी तो दोन्ही हातांनी धरला, वास घेतला, आणि ओठाला लावणार तोच देवघरकर असे झडप घालून वळले की त्यांची खुर्ची पडली.

"आईला नको! आईला नको, तिला बीपी आहे!"

कॉलरचा माइक चालूच होता. हॉलभर ऐकू गेलं. मागं वडे तळणाऱ्यांनासुद्धा.

टाळ्या थांबल्या. देवघरकरांच्या हातात आईचा पेला होता, अर्धा त्यांच्याच सदऱ्यावर सांडलेला. माईंना काही कळलं नाही. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अरे, बीपीचंच आहे ना ते? मग दे की! रोज म्हणते, रोज लपवून ठेवतोस."

कुणीतरी मागं खुसखुसलं. मी तात्यांकडे पाहिलं. ते शाल पांघरून बसले होते, रिकामा पेला मांडीवर. गाडी चुकलेला उतारू पाटीकडे बघतो तसे ते देवघरकरांकडे बघत होते.

"शेट," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "बीपी मलापण आहे."

देवघरकरांनी कॉलरचा माइक मुठीत धरला. ओठांवर हसू आणलं. "तात्या," ते म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी हो."

"वेगळी काय?"

देवघरकरांनी निवेदकाला खूण केली. निवेदकानं घाईघाईनं जाहीर केलं की जेवण तयार आहे. आणि खुर्च्या सरकल्या. हो, सरकल्या! कोल्हापूरचे, चिपळूणचे, सावंतवाडीचे सगळे उठले आणि ताटं घ्यायला रांगेत उभे राहिले. मी माइक घेतला आणि बोलले. सूप खारट आहे, गुण शून्य आहे, फोटो माझा आहे पण माल माझा नाही, सगळं बोलले. रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. एक जण वडा चावत चावत ऐकत होता. "असं असतंच हो मॅडम धंद्यात," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडातला तुकडा माझ्या साडीवर उडाला.

सूप माझ्या फोटोसकट पुढं दोन वर्षं विकलं गेलं. मी तक्रारी केल्या, खेटे घातले, तेव्हा कुठं माझा फोटो निघाला. सूप मात्र नव्या नावानं चालूच राहिलं. आजही दुकानात रंगीत पाकिटावर पांढऱ्या कोटातलं कुणी हसताना दिसलं की मला मळमळतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं जेवलो नाही. रिक्षा केली. तात्या मधे बसले होते, शाल तशीच खांद्यावर. नाक्याजवळ आल्यावर त्यांनी विचारलं,

"त्याच्या आईचं वय काय असेल गो?"

"सत्तरच्या पुढं असेल."

"म्हणजे माझ्याएवढीच," ते म्हणाले.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी रिक्षा थांबवायला सांगितली. खाली उतरले, रस्त्याकडेच्या गटाराजवळ जाऊन वाकले आणि दोन बोटं घशात घातली. काकी धावल्या. त्यांची पाठ धरून उभ्या राहिल्या. भर रस्त्यात, इस्त्रीच्या सदऱ्यात, तो माणूस पोटातलं सगळं बाहेर काढत होता. खारट पाण्याची शेवटची धार येईपर्यंत काढत होता. एवढा मोठा आवाज ज्याचा, त्याच्या तोंडून नुसतं ओ, ओ, एवढंच येत होतं. मला त्याची किळस आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या ओकारीची मला किळस आली नाही.

काकींनी त्यांच्या खांद्यावरची शाल ओढली आणि तिनं त्यांचं तोंड पुसलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं. मग ती शाल गटारात टाकून दिली.

"गोळी आहे काय गो?" तात्यांनी मान न उचलता विचारलं. "आणली असशील तर दे."

काकींनी पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट वरतीच होतं. तात्यांनी बंद केल्यापासून रोज त्या ते बरोबर घेऊन हिंडत होत्या.